जन्मतारीख नसलेला माणूस आणि अमेरिकेतला १४ एप्रिल

१४ एप्रिल ही तारीख उच्चारली की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. महू, १८९१, रामजी सुभेदार आणि भीमाबाईंचे चौदावे अपत्य. आपल्या वस्तीतले शाळकरी मूलही हे न अडखळता सांगते. पण तारखा कुणा एका देशाच्या नसतात. अमेरिकेच्या इतिहासातही १४ एप्रिल पुन्हा पुन्हा भेटतो आणि बहुतेक वेळा माणसाच्या मुक्तीच्या प्रश्नाशी जोडलेलाच भेटतो.

१४ एप्रिल १७७५ रोजी फिलाडेल्फियातल्या एका खानावळीत काही माणसे जमली. त्यांतले बरेचसे क्वेकर पंथाचे होते. मुक्त असूनही बेकायदा गुलाम करून ठेवलेल्या लोकांना सोडवण्यासाठी त्यांनी एक संस्था स्थापन केली. अमेरिकेतली ही पहिली गुलामगिरीविरोधी संस्था. पुढे १७८७ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन तिचे अध्यक्ष झाले. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. बरोबर वर्षाने, १४ एप्रिल १८६६ रोजी, मॅसॅच्युसेट्समध्ये एका गरीब आयरिश कुटुंबात अ‍ॅन सुलिव्हन जन्मल्या. दृष्टी आणि श्रवण गमावलेल्या हेलन केलर यांना अक्षरओळख करून देणाऱ्या शिक्षिका त्या याच. आणि १४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकन यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्या दिवशीचे मुख्य भाषण ज्यांनी केले, त्यांना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती.

त्यांचे नाव फ्रेडरिक डग्लस. गुलाम म्हणून जन्मलेले, चोरून शिकलेले, पळून मुक्त झालेले आणि पुढे आपल्या समाजाचा आवाज बनलेले. जयंत्या-पुण्यतिथ्या मोठ्या उत्साहाने साजऱ्या करणाऱ्या आपल्या तरुणांनी हे आयुष्य जाणून घ्यायला हवे. थोर माणसाचा दिवस कसा पाळावा, याचे एक कठीण उत्तर त्यात आहे.

तारीख नसलेले मूल

मेरीलँड राज्यातल्या टॅल्बट परगण्यात, टकाहो ओढ्याच्या काठी, फेब्रुवारी १८१८ मध्ये फ्रेडरिकचा जन्म झाला. आई हॅरिएट बेली गुलाम होती, म्हणून मूलही जन्मतः गुलाम. कायदाच तसा होता. बाप गोरा आहे एवढे सगळे म्हणत, तो मालकच असावा अशी कुजबुजही होती. खात्रीने कधीच काही कळले नाही. मुलाला वाढवले आजी बेट्सीने. आईला दूरच्या शेतावर कामाला लावले होते. दिवसभर राबून ती रात्री सुमारे बारा मैल चालत येई, मुलाला कुशीत घेऊन झोपवी आणि उजाडण्याआधी परत निघे. फ्रेडरिक सात वर्षांचा असेल-नसेल तेव्हा ती वारली.

गुलामाला त्याची जन्मतारीख सांगण्याची पद्धत नव्हती. गोऱ्या मुलांना आपले वय माहीत असते, आपल्याला का नाही, हा प्रश्न फ्रेडरिकला लहानपणापासून बोचत राहिला. आपण १८१७ मध्ये जन्मलो असा त्यांचा आयुष्यभर समज होता. त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी संशोधकांना जुना मालक आरन अँथनी याच्या वहीत गुलामांच्या नोंदी सापडल्या आणि त्यात फेब्रुवारी १८१८ असे निघाले. महिना मिळाला, दिवस नाहीच. आई आपल्याला लाडाने व्हॅलेंटाइन म्हणायची, या आठवणीवर त्यांनी १४ फेब्रुवारी हा आपला वाढदिवस ठरवून घेतला.

आपल्याला हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती टाकली आणि पुढे पेन्शनपासून आधार कार्डापर्यंत तीच चालत आली. कुणाच्या जन्माची नोंद ठेवायची आणि कुणाची नाही, हे समाजातली सत्ता ठरवते. समाजशास्त्राच्या पुस्तकात हे शिकायला दोन वर्षे लागतात, वस्तीत एक अर्ज भरताना ते पाच मिनिटांत कळते.

अक्षरांची चोरी

१८२६ मध्ये फ्रेडरिकला बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड यांच्या घरी पाठवले गेले. मालकीण सोफिया ऑल्ड यांनी सुरुवातीला त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली. नवऱ्याला हे कळताच त्याने ते बंद पाडले. गुलाम वाचायला शिकला की तो गुलाम म्हणून उपयोगाचा राहत नाही, असे त्याने बायकोला बजावले. मुलगा हे ऐकत होता. मालक ज्या गोष्टीला इतका घाबरतो, तीच आपल्या सुटकेची वाट आहे, हे त्याच्या लक्षात आले.

मग चोरून शिक्षण सुरू झाले. घरात पाव भरपूर असे. तो खिशात घालून फ्रेडरिक रस्त्यावर जाई आणि गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून अक्षरे शिकून घेई. जहाजाच्या गोदीत लाकडांवर लिहिलेली अक्षरे पाहून लिहायला शिकला. बारा वर्षांचा असताना साठवलेल्या ५० सेंटमध्ये त्याने भाषणांचे आणि संवादांचे एक जुने पुस्तक विकत घेतले, द कोलंबियन ओरेटर. पुढे अमेरिकेतला सर्वांत गाजलेला वक्ता झालेल्या माणसाची शाळा म्हणजे हे एक पुस्तक.

ज्यांना अक्षराला हात लावायची बंदी होती, त्यांनी अक्षर हिसकावून घेतले की काय होते, हे महाराष्ट्राला सावित्रीबाई आणि जोतीराव यांच्यामुळे माहीत आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये आपला गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केला, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनीही त्यांच्यापासून धडा घ्यावा, ही इच्छा त्या अर्पणपत्रिकेत आहे. डग्लस ज्या लढ्यात उभे होते, त्याच लढ्याकडे पाहत जोतीराव पुण्यात लिहीत होते.

स्वतःच्या पायांनी मिळवलेली मुक्ती

सोळाव्या वर्षी फ्रेडरिकला एडवर्ड कोव्ही नावाच्या शेतकऱ्याच्या ताब्यात दिले गेले. बंडखोर गुलामांना चाबकाने वठणीवर आणणारा म्हणून हा माणूस परगण्यात प्रसिद्ध होता. काही महिने मार खाल्ल्यावर, ऑगस्ट १८३४ मध्ये, फ्रेडरिकने उलट हात उचलला. दोघांची बराच वेळ झटापट झाली. त्यानंतर कोव्हीने त्याला पुन्हा कधी हात लावला नाही.

१८३६ मध्ये पळून जाण्याचा एक बेत फसला आणि तुरुंग पाहावा लागला. ३ सप्टेंबर १८३८ रोजी मात्र ते निसटले. अंगावर खलाशाचे कपडे, खिशात एका मुक्त कृष्णवर्णीय खलाशाची उसनी कागदपत्रे आणि बाल्टिमोरहून सुटणारी रेल्वे. चोवीस तासांच्या आत ते न्यूयॉर्कला पोहोचले. या पळण्यामागे अ‍ॅना मरे या मुक्त कृष्णवर्णीय स्त्रीचा पैसा आणि हिंमत होती. ती लोकांच्या घरी काम करून पोट भरत असे. १५ सप्टेंबरला दोघांचे लग्न झाले. पुढे न्यू बेडफर्ड गावी, पकडले जाऊ नये म्हणून, त्यांनी बेली हे आडनाव टाकून डग्लस हे नाव घेतले.

अ‍ॅना यांच्याविषयी आणखी सांगायला हवे. नवरा भाषणांसाठी महिनोन्‌महिने बाहेर असताना त्यांनी चपला-बुटांचे शिवणकाम करून घर चालवले, पाच मुले सांभाळली आणि पळून आलेल्या गुलामांना रॉचेस्टरच्या आपल्या घरात आसरा दिला. डग्लस यांनी तीन आत्मचरित्रे लिहिली. अ‍ॅना यांच्या वाट्याला त्यांत फारच थोड्या ओळी आल्या. चळवळीचा इतिहास लिहिताना घरातल्या बाईचे श्रम गाळले जातात, ही तक्रार अमेरिकेतही जुनीच आहे.

ऑगस्ट १८४१ मध्ये नँटकेट बेटावरच्या एका सभेत डग्लस पहिल्यांदा मोठ्या श्रोत्यांपुढे बोलले. विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या चळवळीने त्यांना व्याख्याता केले. इतका सफाईदार बोलणारा माणूस गुलाम असूच शकत नाही, अशी शंका लोक घेऊ लागले. उत्तर म्हणून १८४५ मध्ये त्यांनी पहिले आत्मचरित्र छापले आणि त्यात मालकांची खरी नावे घातली. त्यामुळे पुन्हा पकडले जाण्याचा धोका वाढला. ते आयर्लंड आणि इंग्लंडला गेले. तिथल्या मित्रांनी वर्गणी काढून कायदेशीर मुक्ती विकत घेतली. किंमत १५० पौंड.

परत आल्यावर ३ डिसेंबर १८४७ रोजी त्यांनी रॉचेस्टरमधून द नॉर्थ स्टार हे साप्ताहिक सुरू केले. उत्तरेचा तारा पाहत गुलाम पळत, म्हणून हे नाव. आपले पत्र, आपला छापखाना आणि आपल्याच माणसाची लेखणी हवी, हा त्यांचा आग्रह होता. त्यावरून गॅरिसन यांच्याशी मतभेद झाले, तरी ते हटले नाहीत. मूकनायक आणि बहिष्कृत भारत यांचे महत्त्व ज्यांना कळते, त्यांना हा आग्रह लगेच कळेल. जुलै १८४८ मध्ये सेनेका फॉल्स इथे स्त्रियांच्या हक्कांची परिषद झाली. तिथे स्त्रियांच्या मताधिकाराच्या ठरावाला डग्लस यांनी उभे राहून पाठिंबा दिला.

लिंकन यांच्याशी हिशेब

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले. लिंकन यांचे पहिले ध्येय देश एकसंध ठेवणे हे होते, गुलामगिरी संपवणे नव्हे. डग्लस आपल्या मासिकातून त्यांच्यावर सडकून टीका करत होते. कृष्णवर्णीयांना अमेरिकेबाहेर नेऊन वसवण्याची कल्पना लिंकन यांनी १८६२ मध्ये मांडली, तेव्हा तर त्यांचा शब्द फारच तिखट झाला. १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीची घोषणा अमलात आली. बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त जाहीर झाले. डग्लस यांनी तिचे स्वागत केले आणि लगेच सैन्यभरतीच्या कामाला लागले. त्यांची दोन मुले, लुइस आणि चार्ल्स, मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीत दाखल झाली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले.

पण गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, तर काळ्याला १० आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापून घेतले जात. हा प्रश्न घेऊन ऑगस्ट १८६३ मध्ये डग्लस थेट लिंकन यांना भेटले. लगेच काही हाती आले नाही. समान वेतनाचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. त्या भेटीत डग्लस यांना एक गोष्ट मात्र जाणवली. हा माणूस आपल्याला बरोबरीने वागवतो. ४ मार्च १८६५ रोजी लिंकन यांच्या दुसऱ्या शपथविधीनंतर व्हाइट हाउसच्या दारात पोलिसांनी डग्लस यांना अडवले. लिंकन यांना कळताच त्यांनी आत बोलावून घेतले आणि सगळ्यांसमोर आपल्या भाषणाविषयी त्यांचे मत विचारले.

११ एप्रिल १८६५ रोजी, म्हणजे आपल्या जोतीरावांच्या जन्मदिवशी, लिंकन यांनी शेवटचे जाहीर भाषण केले. शिकलेल्या कृष्णवर्णीयांना आणि सैनिकांना मताधिकार द्यावा, असे त्यांनी त्यात सुचवले. गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. तिसऱ्या दिवशी, १४ एप्रिलच्या रात्री, त्याने फोर्ड्स थिएटरमध्ये लिंकन यांच्या डोक्यात गोळी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मरण पावले. लिंकन यांच्या पत्नी मेरी यांनी पुढे त्यांची हातातली काठी डग्लस यांच्याकडे पाठवून दिली.

१४ एप्रिल १८७६

हत्येची बातमी ऐकून ओहायोमध्ये राहणाऱ्या शार्लट स्कॉट या गुलामगिरीतून सुटलेल्या बाईने आपल्या कमाईचे पाच डॉलर स्मारकासाठी दिले. त्यातून निधी सुरू झाला. पैसा मुख्यतः मुक्त झालेल्या गुलामांचा आणि कृष्णवर्णीय सैनिकांचा. पुतळा कसा असावा हे मात्र गोऱ्यांच्या समितीने ठरवले. शिल्पकार होते थॉमस बॉल. लिंकन उभे आहेत, एका हाताखाली मुक्तीची घोषणा, दुसरा हात पुढे केलेला आणि त्या हाताखाली गुडघा टेकलेला, अर्धा उघडा कृष्णवर्णीय माणूस. त्या माणसाला चेहरा दिला तो आर्चर अलेक्झांडर यांचा. हे गृहस्थ मिसूरीत स्वतः जोखीम घेऊन पळाले होते. जो स्वतःच्या पायांवर पळून मुक्त झाला, तो पुतळ्यात गुडघ्यावर बसला.

अनावरणाला राष्ट्राध्यक्ष ग्रँट, मंत्री, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि हजारो कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष हजर होते. अशा सभेत वक्ता काय बोलतो? आपणही अशी पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. दिवस मोठ्या माणसाचा, समोर सत्ताधारी, मग स्तुतीला अंत नसतो.

डग्लस यांनी तसे केले नाही. त्यांनी आधी सांगितले की लिंकन हे मुळात गोऱ्यांचे राष्ट्राध्यक्ष होते, त्यांचे पहिले प्रेम गोऱ्या समाजावर होते, आमच्या हक्कांना त्यांनी वर्षानुवर्षे थांबायला लावले. लिंकन गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करत होते, पण जिथे ती होती तिथे तिला हात लावायला तयार नव्हते, हेही त्यांनी लपवले नाही. मग त्यांनी दुसरी बाजू मांडली. गुलामगिरी संपवायची घाई करणाऱ्यांना लिंकन संथ वाटले, पण ज्या देशाचे ते प्रमुख होते, त्या देशाच्या मानाने ते पुढे होते. सगळ्या लोकांना बरोबर घेतले नसते तर काहीच साधले नसते. आणि शेवटी त्यांच्याच कारकिर्दीत बेड्या तुटल्या. म्हणून आमचा आदर खरा आहे. सत्तेच्या तोंडावर आणि स्मारकाच्या पायाशी उभे राहून त्यांनी जमा आणि नावे दोन्ही वाचून दाखवली.

यानंतर काही दिवसांनी त्यांनी वॉशिंग्टनच्या एका वृत्तपत्राला पत्र लिहिले. हे पत्र विस्मरणात गेले होते, २०२० मध्ये इतिहासकारांनी ते शोधून काढले. हा पुतळा पूर्ण सत्य सांगत नाही, गुडघ्यावर नसलेला, माणसासारखा ताठ उभा असलेला कृष्णवर्णीय मला मरण्यापूर्वी पाहायचा आहे, अशा आशयाचे ते पत्र आहे. त्या बागेत आणखी एका स्मारकाला जागा आहे, असेही त्यांनी सुचवले. ती जागा भरायला जवळपास शंभर वर्षे लागली. १९७४ मध्ये त्याच लिंकन पार्कमध्ये कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांचा पुतळा उभा राहिला आणि लिंकन यांचा पुतळा वळवून त्यांच्या समोर तोंड करून बसवला गेला.

डग्लस यांचाही हिशेब

हाच न्याय डग्लस यांनाही लावायला हवा. १८७४ मध्ये मुक्त झालेल्या गुलामांच्या बचतीची फ्रीडमन्स बँक बुडत असताना ते तिचे अध्यक्ष झाले. गैरव्यवहार त्यांच्या आधीचे होते, त्यांनी स्वतःचे पैसेही त्यात घातले, तरी काही महिन्यांत बँक बंद पडली आणि ६० हजारांहून अधिक गरीब खातेदारांचे पैसे अडकले. १८७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष हेझ यांनी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचे सरकारी संरक्षण काढून घेतले. त्याच वर्षी डग्लस यांनी हेझ यांच्याकडून वॉशिंग्टनच्या मार्शलचे पद स्वीकारले. समाजातून टीका झाली. सत्तेच्या जवळ जाऊन समाजाचे काम होते की तोंड बंद होते, हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही.

१८८२ मध्ये अ‍ॅना वारल्या. १८८४ मध्ये त्यांनी हेलन पिट्स या गोऱ्या स्त्रीशी लग्न केले. गोरे आणि काळे, दोन्ही बाजूंनी संताप झाला. ते डगमगले नाहीत. १८८९ मध्ये अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून त्यांना हैती या कृष्णवर्णीयांच्या देशात पाठवले गेले. अमेरिकेला तिथले एक बंदर नौदलासाठी हवे होते. १८९१ च्या वसंतात त्या वाटाघाटी चालू होत्या. महूला बाबासाहेब जन्मले, तेव्हा डग्लस हैतीत होते. हैतीने बंदर दिले नाही. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी खापर डग्लस यांच्यावर फोडले. त्याच वर्षी ते पद सोडून परतले.

शेवटच्या वर्षांत त्यांनी कृष्णवर्णीयांना जमावाने मारून टाकण्याच्या प्रकारांविरुद्ध तरुण पत्रकार आयडा बी. वेल्स यांना साथ दिली. सत्तरी ओलांडलेला माणूस पुन्हा सुरुवातीच्या धगीने बोलू लागला. २० फेब्रुवारी १८९५ रोजी दिवसा ते स्त्रियांच्या एका परिषदेला जाऊन आले आणि संध्याकाळी घरी अचानक कोसळले. १९२६ मध्ये इतिहासकार कार्टर वुडसन यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. त्यासाठी फेब्रुवारीतला जो आठवडा निवडला, त्यात लिंकन यांचा १२ तारखेचा जन्मदिवस होता आणि डग्लस यांचा १४ तारखेचा. ज्या माणसाला तारीख नाकारली गेली होती, त्याने स्वतः ठरवलेली तारीख त्या सप्ताहाचा भाग झाली.

आपल्या १४ एप्रिलसाठी

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत व्यक्तिपूजेपासून सावध राहायला सांगितले होते. राजकारणातली भक्ती माणसाला हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा इशारा होता. डग्लस यांनी त्याआधी ७३ वर्षे, एका १४ एप्रिललाच, तोच सावधपणा प्रत्यक्षात आणून दाखवला.

आपल्या जयंतीत मिरवणूक असावी, निळे झेंडे असावेत, पुस्तकांचे स्टॉल असावेत, ज्यांना नाचायचे त्यांनी नाचावे. तो आनंद शतकानुशतके नाकारला गेला होता, त्याला नावे ठेवायचा अधिकार बाहेरच्या कुणाला नाही. पण व्यासपीठावर त्या दिवशी आमदार, नगरसेवक, अधिकारी येतात, हार घालतात, फोटो काढतात आणि आपल्याच मंडळाचा सूत्रसंचालक त्यांचे आभार मानत राहतो. त्या वेळी वस्तीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलीने उठून हिशेब वाचावा. किती मुलांची शिष्यवृत्ती अडकली आहे, किती सफाई कामगार अजून कंत्राटावर आहेत, अत्याचाराच्या किती खटल्यांचा निकाल लागायचा आहे. आकडे आपल्याच वस्तीतले असावेत, आधीच जमवलेले असावेत. पाहुण्यांचा मान राखावा आणि हिशेबही पूर्ण वाचावा. डग्लस यांनी राष्ट्राध्यक्षांसमोर दोन्ही केले होते.

येत्या १४ एप्रिलला प्रत्येक मंडळाने यासाठी फक्त पंधरा मिनिटे राखून ठेवावीत.